पत्नीवरील हिंसा व इजा : ‘दारू’ या कारणमीमांसेची चिकित्सा

यवतमाळ जिल्ह्यातील दारूबंदीच्या मागणीमागे स्त्रियांचा मारहाणीचा अनुभव आहे. शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण–५ (२०१९-२१) या अनुभवास पुष्टी देते. देशपातळीवर, ज्यांचे पती वारंवार मद्यधुंद होतात अशा ७० टक्के स्त्रियांनी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे. तथापि पती मद्यपान न करणाऱ्या स्त्रियांतही हे प्रमाण २३ टक्के आहे. या दुसऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष झाले की दारू हा जोखीम घटक न राहता एकमेव कारण ठरतो आणि मारणाऱ्याची जबाबदारी बाटलीवर ढकलली जाते.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये सासरहून पळणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकविला जातो. ती जखम नशेची नव्हे, कुटुंबाने मान्य केलेल्या अधिकाराची होय.

सर्वेक्षणानुसार हिंसा सोसलेल्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश स्त्रियांना इजा झाली. मदत मात्र १४ टक्के स्त्रियांनीच मागितली. सारांश, दारूबंदीची मागणी रास्त असली तरी ती २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या अंमलबजावणीस पर्याय ठरत नाही.