पिस्त्याची वर्षाआड फलधारणा आणि ‘संजीवक’ ही संज्ञा

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा शब्द संस्कृत असावा की परकीय, सुबोध असावा की काटेकोर, या वादातच संपते. संज्ञा वाचकाला कोणत्या कृतीकडे नेते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मराठी फलोद्यानविषयक लेखनात स्थिर झालेली ‘संजीवक’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. आणि तिची कसोटी पाहण्यास पिस्त्याच्या झाडाइतके योग्य उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

पिस्ता एका वर्षी भरघोस फळतो व दुसऱ्या वर्षी जवळजवळ रिता राहतो. इराणी बागाईतदार या प्रकाराला ‘सालआवरी’ म्हणतात. फळांचे वर्ष ते ‘सालआवर’, रिते वर्ष ते ‘सालनियावर’, म्हणजे आणणारे व न आणणारे. तुर्की भाषेत तर ‘वार’ आणि ‘योक’, आहे आणि नाही, असे वर्षाचे दोनच प्रकार सांगून लोक मोकळे होतात. आपल्या कोकणातही ‘यंदा आंब्याचे साल नाही’ असे म्हणतात. (‘साल’ हा शब्द आपण फारसीतूनच घेतला, हे येथे सहज आठवते. उसाने ‘आडसाली’ हा शब्द निराळ्याच अर्थाने अडवून ठेवला नसता, तर तो या कामी चांगला चालला असता.) या सर्व संज्ञांत एक समान दोष आहे. त्या वर्षे मोजतात. झाडात काय घडते ते सांगत नाहीत.

आणि जे घडते ते पिस्त्यात व आंब्यात एकच नव्हे. पिस्त्याचे घोस गतवर्षीच्या काष्ठावर येतात, तर त्यापुढील नव्या फुटीवर वसंतातच पुढील वर्षाच्या फुलकळ्या तयार होतात. म्हणजे एकाच फांदीवर खाली यंदाचे पीक आणि वर पुढील वर्षाचे बीज, अशी स्थिती असते. उन्हाळ्यात दाणा भरू लागला, की भरपूर पीक असलेल्या फांदीवरील या कळ्या गळून पडतात. क्रेन आणि नेल्सन यांनी १९७१ साली या रीतीला ‘विलक्षण’ म्हटले ते याचसाठी, की कळी धरण्यात पिस्त्याचे झाड चुकत नाही. धरलेली कळी ते टाकते. घोस वेळीच काढून टाकले तर कळ्या टिकतात, यावरून दोष फळांच्या भाराकडे जातो हे उघड आहे. तो भार अन्न ओढून घेतो म्हणून कळ्या गळतात, की फळांतून काही रासायनिक संदेश निघतो म्हणून, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. आंब्याची गोष्ट उलट आहे. भरघोस वर्षानंतर त्याच्या फांद्यांवर मोहराची कळी मुळात धरतच नाही. पालवी येते, किंवा तीही वेळेवर येत नाही.

दोन रोग वेगळे म्हणून उपायही वेगळे. कॅलिफोर्नियात ‘केरमान’ या जातीवर लव्हॅट व फर्ग्युसन यांनी बेंझिलअॅडेनीन हे सायटोकायनीन युरियाबरोबर फवारून पाहिले. हेतू हा, की असलेली कळी टिकावी. इराणमध्ये ‘कल्लेगूची’ या जातीवर, जिच्या नावाचा अर्थ ‘मेंढ्याचे डोके’ असा आहे, पॉलिअमाइन वर्गातील द्रव्यांचे प्रयोग झाले, तेही कळीगळ थांबविण्यासाठीच. निष्कर्ष आशादायक असले तरी जात, मात्रा आणि फवारणीची वेळ यांप्रमाणे ते बदलतात. छाटणीची जागा या फवाऱ्यांनी घेतलेली नाही. हापूसला मात्र पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बाजारातील ‘कल्टार’, पावसाळ्यात मुळांशी देतात, ते झाडाची वाढ रोखण्यासाठी. हे द्रव्य जिबरेलिन तयार होऊ देत नाही. पालवीचा जोर ओसरतो आणि मोहराला वाट मिळते.

आता ‘संजीवक’ या शब्दाकडे वळू. सम् उपसर्गपूर्वक जीव् धातूच्या प्रयोजकापासून झालेला हा शब्द ‘जीवन देणारे, पुन्हा जिवंत करणारे’ असे सांगतो. त्यामागे संजीवनी विद्येची सारी पुण्याई उभी आहे. पिस्त्यावरील बेंझिलअॅडेनीनला तो योगायोगाने शोभतो, कारण तेथे मरू घातलेली कळी खरोखरच वाचवायची असते. द्राक्षाचे मणी जिबरेलिक आम्लाने फुगवितात, तेथेही तो खपून जातो. परंतु जिबरेलिन हे संजीवक, आणि जिबरेलिन होऊ न देणारे पॅक्लोब्युट्राझोल हेही कित्येक लेखांत संजीवकच! ज्या नावाखाली एखादी वस्तू व तिचा प्रतिबंध दोन्ही बसतात, ते नाव संज्ञा राहत नाही. ती केवळ स्तुती होते.

इंग्रजी परिभाषा निर्दोष आहे, असे मला म्हणायचे नाही. अॅब्सिसिक आम्लाला गळतीवरून नाव मिळाले आणि पुढे ध्यानात आले, की गळतीचा मुख्य कारभार इथिलीनकडे असतो. तथापि तेथे वर्गाचे नाव तरी तटस्थ आहे: वाढीचे नियमन करणारे, एवढेच. ‘संप्रेरक’ हा आपला शब्दही स्टार्लिंगने १९०५ साली ग्रीकमधून घडविलेल्या मूळ शब्दाशी प्रामाणिक आहे. अपराधी एकटे ‘संजीवक’ आहे.

हा व्याकरणातील रुसवा नव्हे. जे जीवन देते ते जास्त दिल्याने बिघडत नाही, असे शब्दच सुचवितो. पॅक्लोब्युट्राझोलची मात्रा झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला ३ मिलिलिटर अशी मोजून सांगितली जाते, कारण ते जमिनीत दीर्घकाळ राहते. अतिरेक झाला तर फुटी खुजतात, मोहर आखूड व गच्च होतो, आणि खताची जोड न देता दरवर्षी फळविलेले झाड खंगते. ‘वाढरोधक’ असे नाव वाचून डबा हाती घेणारा बागाईतदार आणि ‘संजीवक’ वाचून घेणारा बागाईतदार यांचे हात सारखे सैल राहणार नाहीत.

द्राक्षबागांतून हा शब्द आता उपटता येणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. तेथे तो राहो. पण विद्यापीठीय लेखनात वर्गनाम म्हणून ‘वाढनियामक’ आणि प्रत्येक द्रव्यापुढे त्याचे कार्य, कळी टिकविणारे, वाढ रोखणारे, फळ विरळ करणारे, असे लिहिण्यास अडचण दिसत नाही. ‘वर्षाआड फलधारणा’ या नावापुढेही पिस्त्याच्या बाबतीत ‘कळीगळीमुळे’ एवढे एक पद जोडावे. फुलगळ आणि फळगळ हे शब्द आपल्या बागाईतदारांच्या तोंडी पूर्वीपासून आहेत. कळीगळ त्याच साच्यातला असल्याने तो कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.