मार्चची पौर्णिमा आणि सीझरचा ज्योतिषी

शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये एक ज्योतिषी भर गर्दीतून सीझरला मार्चच्या ‘आइड्स’विषयी सावध करतो. या एका प्रसंगाने तो दिवस जगभर अशुभ ठरला. वास्तविक ‘आइड्स’ म्हणजे रोमन महिन्याचा मध्य : मार्च, मे, जुलै व ऑक्टोबरमध्ये १५ तारीख, इतर महिन्यांत १३. मूळच्या चांद्र कालगणनेत ही पौर्णिमा, आणि ती ज्यूपिटर देवाला वाहिलेली. जुने रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई. म्हणजे ही वर्षातली पहिलीच पौर्णिमा.

त्या दिवशी रोमकर तायबरच्या काठी अ‍ॅना पेरेन्ना देवीचा उत्सव करीत. ऑव्हिडने ‘फास्ती’त त्याचे मोठे रसाळ वर्णन केले आहे. डहाळ्यांच्या झोपड्या, नाचगाणी, जितकी वर्षे जगायचे तितके मद्याचे पेले, मुलींच्या तोंडी अचकटविचकट गाणी आणि संध्याकाळी झोकांड्या खात घरी परतणारी जोडपी! पेण-रोह्याच्या वाचकाला यात शिमगा दिसल्यावाचून राहणार नाही. फाल्गुनी पौर्णिमाही बहुधा मार्चमध्येच येते. दोहोंचा उगम एक, असे मात्र यावरून ठरत नाही.

मग अशुभ कोठून आले? आपल्या खारेपाटात अमावास्या-पौर्णिमेच्या धास्तीला समुद्राचा आधार आहे. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली की खारे पाणी भातशेतीत शिरते. रोमनांची धास्ती पराभवातून आली. इ. स. पू. ३९० मध्ये सेनाधिकारी सुल्पिसियसने जुलैच्या आइड्सच्या दुसऱ्या दिवशी यज्ञ केला आणि १८ तारखेला आलिया नदीकाठी गॉल लोकांनी रोमन सैन्याची दाणादाण उडवली, असे लिव्ही नोंदवतो. त्यानंतर आइड्सचा दुसरा दिवस ‘काळा’ ठरला. खुद्द आइड्स नव्हे!

इ. स. पू. ४४ मध्ये त्याच सणाच्या दिवशी सीझरवर तेवीस वार झाले. पुढे सिनेटने त्या दिवसाला ‘पितृहत्येचा दिवस’ म्हटले आणि त्या दिवशी पुन्हा सभा न भरवण्याचे ठरवले. उलट ब्रूटसने तीच तिथी नाण्यावर कोरली : दोन खंजीर आणि मध्ये मुक्त गुलामाची टोपी. एकाचे अशुभ ते दुसऱ्याचे स्वातंत्र्य.

शेक्सपिअरने फेब्रुवारीतला लुपरकॅलियाचा सण रंगभूमीवर आणला. मार्चचा मात्र गाळला. त्यामुळे भय गडद झाले, हे खरे. ते वादळ, ती कॅल्पुर्नियाची स्वप्ने, सगळे एकाच काळ्या रंगात रंगले. परंतु गावाबाहेर लोक दीर्घायुष्यासाठी पेले रिचवत असताना आत सभागृहात एकाचे आयुष्य संपते, हा दारुण विरोध नाटकाने गमावला, असे मला वाटते. मराठीत हे नाटक पुन्हा कोणी उभे केले, तर सीझर सभेकडे निघताना पडद्यामागून शिमग्याची बोंब अवश्य ऐकवावी.