मानेतल्या नसांचं ‘नॉर्मल’ माप: आकडा कुणाचा?

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे: निरोगी प्रौढ माणसांच्या मानेतल्या मज्जामुळांची सोनोग्राफीने घेतलेली नॉर्मल मापं. पण हे आकडे पुढे कुणाच्या तरी निदानात वापरले जातात. म्हणून अशा शोधनिबंधांत भक्कम काय असतं आणि पाय कुठे घसरतो, याची आज आपण चिकित्सा करू.

आधी रचना थोडक्यात. मानेत मणके सात, पण मज्जामुळांच्या जोड्या आठ. त्यातली पाचवी, सहावी आणि सातवी मुळं खांद्याकडे आणि हाताकडे जातात, आणि सोनोग्राफीत ती चांगली सापडतात. मणक्याच्या बाजूला हाडाचा एक आडवा फाटा असतो. पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या फाट्याला पुढे-मागे असे दोन उंचवटे असतात, आणि त्यांच्यामधल्या खोबणीत मूळ बसलेलं दिसतं, काळसर गोल ठिपक्यासारखं. सातव्या मणक्याला पुढचा उंचवटा बहुधा नसतोच. ती खूण धरायची आणि मोजत वर जायचं. मग पडद्यावर त्या गोलाची कडा आखली, की मशीन क्षेत्रफळ सांगतं, चौरस मिलिमीटरमध्ये.

आता हे मोजायचं कशासाठी? समजा, एखाद्याच्या हातातली ताकद काही महिन्यांपासून कमी होत चाललीय. बधिरपणा नाही, मुंग्या नाहीत. डॉक्टरांच्या मनात दोन शक्यता येतात. एक एएलएस, ज्याला आज बरं करणारा उपाय नाही. दुसरी मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी, जिच्यात शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं की पुष्कळ जणांची ताकद सुधारते. दुसऱ्या आजारात नसा आणि मुळं बरेचदा जाड झालेली सापडतात, पहिल्यात तशी जाड होत नाहीत. म्हणजे ‘जाड’ या एका शब्दावर किती भार आहे बघा. चुकून जाड म्हटलं तर महागडे उपचार आणि खोटी आशा. चुकून नॉर्मल म्हटलं तर ज्याला उपाय होता, तो माणूस उपायाविना राहिला. सोनोग्राफी एकटी निर्णय देत नाही, नसांची विद्युत तपासणी आणि बाकीचं चित्र सोबत असतंच. पण तिच्या आकड्याला वजन आहे.

हे वजन आता अधिकृतही झालंय. सीआयडीपी या नसांच्या आजाराबद्दल युरोपीय तज्ज्ञांची जी मार्गदर्शक सूत्रं २०२१ साली आली, त्यांत पूरक पुरावा म्हणून सोनोग्राफीला जागा मिळाली. त्यात मज्जामुळासाठी मर्यादा दिलीय १२ चौरस मिलिमीटरच्या वर, आणि अशी वाढ निदान दोन जागी हवी. सूत्र सुटसुटीत आहे, वापरायला सोपं आहे. पण इथेच आमची पहिली हरकत आहे. निरोगी माणसांत पाचवं मूळ सहाव्या-सातव्याहून बारीक असतं. साधारण ६ चौरस मिलिमीटरचं पाचवं मूळ सुजून जवळपास दुप्पट झालं, तरी ते १२ ओलांडणार नाही. तिन्ही मुळांना एकच पट्टी लावली, की हे होणारच. म्हणून प्रत्येक मुळाचं वेगळं माप देणारे अभ्यास आम्हाला मोलाचे वाटतात.

दुसरी हरकत कडेबद्दल. मुळाभोवती एक पांढरट वेष्टन दिसतं. रेघ त्याच्या आतून आखायची की बाहेरून? फरक किरकोळ वाटतो ना? हिशोब करून बघू. ३.५ मिलिमीटर व्यासाचं गोल मूळ घ्या. क्षेत्रफळ येतं ९.६. आता रेघ चहूबाजूंनी फक्त ०.२ मिलिमीटर बाहेर सरकवा. व्यास झाला ३.९, आणि क्षेत्रफळ जवळजवळ १२! माणूस तोच, मूळ तेच, पण नुसत्या रेघेच्या सवयीने तो मर्यादेच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. तीच गत प्रोबची. मुळाला काटकोनात न धरता ३० अंश तिरका धरला, तर गोलाचा लंबगोल होतो आणि क्षेत्रफळ १५ टक्क्यांनी वाढतं. काकडी तिरकी कापली की चकती मोठी निघते, तसंच हे. तेव्हा ज्या निबंधात ‘क्षेत्रफळ मोजले’ एवढंच वाक्य आहे आणि रेघ कुठून आखली, मूळ हाडाच्या खोबणीत मोजलं की बाहेर पडल्यावर, हे लिहिलेलं नाही, त्याचा आकडा आपण आपल्या दवाखान्यात कसा वापरणार?

तिसरी गोष्ट, निरोगी म्हणजे कोण? अशा अभ्यासांत पुष्कळदा हाताशी असलेली माणसं घेतात: विद्यार्थी, निवासी डॉक्टर, कर्मचारी. त्यांना दोष देत नाही आम्ही, सोय असतेच. पण तपासणीला येणारा रुग्ण असतो साठीचा. त्या वयात मानेच्या मणक्यांची झीज कितीतरी लोकांत असते, आणि त्रास काहीच नसतो. त्यांना निरोगी धरायचं की वगळायचं? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. निबंधाने काय केलं ते सांगावं, एवढीच अपेक्षा.

चौथी गोष्ट संख्येची. वरची मर्यादा काढायची नेहमीची रीत म्हणजे सरासरी अधिक दोन प्रमाण विचलनं. मापं घंटेच्या आकारात पसरलेली असतील तर ही रीत ठीक, पण तशी ती नेहमी नसतात. मग थेट क्रमाने लावून वरचे अडीच टक्के बाजूला काढावे लागतात. ६० माणसांत अडीच टक्के म्हणजे दीड माणूस! एखाद-दुसऱ्या माणसावर सगळी मर्यादा टांगलेली. प्रयोगशाळांच्या क्षेत्रात या रीतीसाठी किमान १२० माणसं घ्या असा दंडक आहे, तो उगाच नाही.

आणि एक गंमत बघा. दोन्ही बाजूंची तीन-तीन मुळं मोजली, म्हणजे सहा मापं. प्रत्येकात निरोगी माणूस मर्यादेबाहेर जायची शक्यता अडीच टक्के. मापं एकमेकांपासून स्वतंत्र धरली, तर सहापैकी निदान एक बाहेर जायची शक्यता १४ टक्क्यांच्या आसपास येते. प्रत्यक्षात एकाच माणसाची मुळं एकमेकांशी मिळतीजुळती असतात, म्हणून ती याहून कमी असणार. पण अडीच टक्क्यांहून जास्तच. दोन जागी वाढ हवी, या अटीचं शहाणपण इथे कळतं. म्हणजे ज्या सूत्रावर आम्ही मघाशी टीका केली, त्याची ही बाजू भक्कम आहे, हेही मान्य करायला हवं.

तर मग हे अभ्यास करूच नयेत का? छे! अवश्य करावेत. चांगला अभ्यास आम्ही कशाला म्हणतो? ज्यात मुळाची पातळी कशी ओळखली ते सांगितलंय, रेघ आणि जागा सांगितलीय, एकाच माणसाचं माप दोघांनी स्वतंत्रपणे घेऊन त्यांच्यातला फरक छापलाय, आणि वय, उंची, वजनानुसार आकडे बघितलेत. डाव्या-उजव्यातला फरक दिला असेल तर आणखी उत्तम, कारण एका बाजूच्या दुखण्यात रुग्णाची दुसरी बाजू हीच त्याची तुलना असते. दोन्हीकडे पसरणाऱ्या आजारात मात्र तिचा भरवसा धरता येत नाही.

फिनलंडच्या ग्रॅसबेक आणि सारिस यांनी १९६९ साली प्रयोगशाळेच्या मापांबाबत सुचवलं होतं, की ‘नॉर्मल मूल्य’ हा शब्द सोडा आणि ‘संदर्भमूल्य’ म्हणा. शब्द बदलला की प्रश्नही बदलतो. नॉर्मल म्हटलं, की आकडा मानेतच दडलेला होता आणि आपण तो शोधून काढला, असं वाटतं. संदर्भ म्हटलं, की लगेच विचारावं लागतं: कुणाचा संदर्भ? कोणत्या हाताने, कोणत्या मशीनवर घेतलेला?

तेव्हा सोनोग्राफी करणाऱ्यांना आमची विनंती एवढीच, की छापील तक्ता भिंतीवर लावण्याआधी आपल्याच मशीनवर, आपल्याच हाताने, आपल्या भागातल्या काही निरोगी माणसांची मापं घ्या आणि ती तक्त्याशी जुळतात का बघा. जुळली तर तक्ता वापरा. नाही जुळली, तर रुग्णाच्या कागदावर ‘जाड’ हा शब्द लिहिण्याआधी थांबा.

आम्हीही इथेच थांबतो. आता प्रश्न घेऊया.