सोबतीची संहिता : स्तनकर्करोगाच्या आत्मकथनांतील प्रथमपुरुष

१

आजारपणाचे आत्मकथन हा एकट्या माणसाचा वाङ्मयप्रकार आहे, असे समीक्षेने जवळजवळ गृहीत धरले आहे. देह एकाचा, वेदना एकाची, म्हणून कथनही एकाचे, अशी ही उपपत्ती आहे. आर्थर फ्रँक यांनी ‘द वुंडेड स्टोरीटेलर’ (१९९५) या ग्रंथात अशा कथनांचे तीन प्रकार कल्पिले : पूर्ववत होण्याचे कथन, विस्कटलेपणाचे कथन आणि शोधयात्रेचे कथन. ऐकणाऱ्याचे महत्त्व फ्रँक यांना मान्य आहे. किंबहुना कथन हे दुसऱ्यासाठी दिलेली साक्ष असते, असेच त्यांचे म्हणणे आहे. तरीही हे तिन्ही प्रकार ठरतात ते व्याधिग्रस्त ‘मी’ आपल्या आजाराशी कोणते नाते जोडतो, यावरून. त्या ‘मी’च्या भोवती वावरणारी माणसे पार्श्वभूमीत राहतात.

स्तनकर्करोगाविषयी स्त्रियांनी, त्यातही वयाच्या चाळिशी-पन्नाशीत असलेल्या स्त्रियांनी, केलेले लेखन या चौकटीत पुरते बसत नाही. या संहितांमध्ये बहीण, मैत्रीण, परिचारिका, त्याच व्याधीतून गेलेली अनोळखी स्त्री अशा व्यक्ती सतत येतात. त्यांच्याकडे केवळ आशयाचा एक भाग म्हणून पाहिले, तर कृतज्ञतेच्या चार ओळींपलीकडे त्यांच्याविषयी बोलण्यासारखे फारसे उरत नाही. वास्तविक या स्त्रियांचा संबंध निवेदनाच्या शक्यतेशीच पोचतो. निवेदिकेला वाचा फुटते ती त्यांच्या असण्यामुळे. आणि काही वेळा ती वाचा दडपली जाते, तीही त्यांच्यामुळेच. या दुसऱ्या शक्यतेकडे दुर्लक्ष केले की ‘भगिनीभाव’ ही संकल्पना भाबडी होते.

या नात्यासाठी मराठीत ‘सोबत’ हा नेमका शब्द आहे. ‘मदत’ कामापुरती असते. काम सरले की ती संपते. ‘आधार’ या शब्दात एक उभा आणि दुसरा टेकलेला, अशी विषमता गृहीत असते. सोबतीला काही करावेच लागते असे नाही. तेथे असावे लागते. इस्पितळात रुग्णाच्या नातलगांना ‘रात्री सोबतीला कोण आहे?’ असे विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्याला उपचाराचे कौशल्य नव्हे, उपस्थिती अभिप्रेत असते. हीच उपस्थिती संहितेत कोणते कार्य करते, हे तपासणे आवश्यक आहे.

२

इंग्रजी कादंबरीकार फॅनी बर्नी यांच्यावर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमधील त्यांच्या राहत्या घरी स्तनोच्छेदाची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी त्यांचे वय ५९ वर्षांचे होते. शस्त्रक्रियेसाठी ईथरचा वापर होऊ लागण्यास अजून ३५ वर्षांचा अवकाश होता. पुढील वर्षी बर्नी यांनी या प्रसंगाचा तपशीलवार वृत्तान्त इंग्लंडमधील आपली बहीण एस्थर हिला पत्ररूपाने लिहून कळवला. हे पत्र पुरे व्हायला काही महिने लागले, कारण त्याविषयी बोलणे म्हणजे त्यातून पुन्हा जाणे, असा अनुभव त्या घेत होत्या.

या पत्राचा प्रारंभ लक्षणीय आहे. आपल्या गंभीर दुखण्याची बातमी दुसऱ्या कोणाच्या हस्ताक्षरात पोचली, तर आपण बरे झालो आहोत यावर आप्तांचा विश्वास बसणार नाही. तो बसवायचा तर आपणच लिहिले पाहिजे, असे कारण बर्नी देतात. म्हणजे लेखनामागे आत्माविष्काराची ऊर्मी आधी नाही. दूर असलेल्या बहिणीची चिंता आधी आहे, आणि त्या चिंतेपोटी ‘मी’ अवतरतो.

याहून महत्त्वाचा आहे तो प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या आधीचा क्षण. काळ्या पोशाखातील सात पुरुष खोलीत शिरतात. पतीला या प्रसंगाची झळ लागू नये म्हणून त्याला दूर ठेवण्याची व्यवस्था बर्नी यांनी स्वतःच केलेली असते. मोलकरीण रडते आहे, दोन परिचारिका दाराशी खिळून उभ्या आहेत. शल्यविशारदांपैकी एक जण या स्त्रियांना बाहेर घालवण्याचे फर्मान सोडतो. भीतीने अवाक् झालेल्या बर्नी यांना नेमका या फर्मानाने कंठ फुटतो. त्या राहिल्याच पाहिजेत, असे त्या ओरडून सांगतात. थोडी वादावादी होते आणि त्या वादावादीनेच त्यांना धीर येतो. मोलकरीण व एक परिचारिका पळून जातात. दुसरी मात्र बर्नी यांच्या सांगण्यावरून जवळ येऊन उभी राहते.

ही परिचारिका या कथनात काहीच करीत नाही. ती सांत्वनाचे बोलत नाही, तिचे नावही कळत नाही. पण शस्त्रक्रियेचे स्थळ, वेळ आणि पद्धत यांपैकी काहीही रुग्णाच्या हाती उरलेले नसताना तिच्या असण्याचा आग्रह एवढी एकच गोष्ट रुग्णाच्या हाती राहते, आणि तेथेच आवाज परत येतो. पत्राची रचनाही हेच पुन्हा करते. खोलीत एक स्त्री जवळ उभी राहिली म्हणून वेदना सोसता आली, आणि कागदापलीकडे दुसरी स्त्री वाचायला आहे म्हणून ती सांगता आली. संबोधित व्यक्ती काढून घेतली, तर हे पत्र केवळ शल्यकर्माची नोंद उरेल.

३

बर्नी यांच्या पत्रातील सोबत आकस्मिक आहे. विसाव्या शतकात तिला संस्थेचे रूप आले. टेरीज लॅसर यांच्यावर १९५२ मध्ये अमेरिकेत स्तनोच्छेदाची शस्त्रक्रिया झाली. पुढे काय करायचे, हात कसा हलवायचा, कपडे कसे बेतायचे, हे सांगायला त्यांना कोणी भेटले नाही. त्यातून त्यांनी ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम सुरू केला : या शस्त्रक्रियेतून गेलेल्या स्त्रीने नुकत्याच त्यातून गेलेल्या स्त्रीला भेटायचे. प्रारंभी काही इस्पितळांनी त्यांना दार बंद केले. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम आपल्याकडे घेतला. रुग्णाने रुग्णाशी बोलावे, ही आज साधी वाटणारी कल्पना वैद्यकीय अधिकाराच्या त्या काळात धीट होती. परंतु मान्यतेबरोबर मर्यादाही आल्या. भेटीसाठी डॉक्टरांची संमती लागे आणि उपचारांविषयी मत देणे स्वयंसेविकेला वर्ज्य होते. मग बोलण्यासारखे जे उरले, त्यात दिसण्याला अग्रस्थान मिळाले.

या संस्थारूप सोबतीची सर्वांत मर्मग्राही चिकित्सा ऑड्री लॉर्ड यांच्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) या पुस्तकात आढळते. लॉर्ड या कृष्णवर्णीय, समलिंगी, स्त्रीवादी कवयित्री. त्यांच्यावर सप्टेंबर १९७८ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, स्तनोच्छेदाची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेनंतर इस्पितळात त्यांना भेटायला आलेली स्वयंसेविका ५६ वर्षांची, उत्साही आणि मनाने चांगली आहे. ती सोबत लोकरीचा, फिकट गुलाबी रंगाचा, स्तनाच्या आकाराचा एक गादीवजा तुकडा आणते. तो लावला की दिसण्यात काही फरक पडणार नाही, आणि दिसण्यात फरक नाही म्हणजे काहीच गमावले नाही, असा तिच्या सांगण्याचा मथितार्थ आहे. लॉर्ड यांच्या मनातले प्रश्न मात्र वेगळे आहेत. मृत्यूचे, प्रेमाचे, पुढच्या जगण्याचे ते प्रश्न या भेटीत विचारताच येत नाहीत. शिवाय त्या तुकड्याचा ‘त्वचेचा’ रंग त्यांच्या त्वचेचा नाहीच. ‘सर्व स्त्रियांसाठी’ म्हणून पुढे आलेली ही सोबत कोणत्या स्त्रीला गृहीत धरून बेतलेली आहे, हे त्या एका रंगातून उघड होते.

दुसरा प्रसंग याहून बोचरा आहे. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा दिवसांनी लॉर्ड टाके काढण्यासाठी शल्यविशारदांच्या दवाखान्यात जातात. तेथील परिचारिका साधारण त्यांच्याच वयाची. तिचा त्यांना आजवर दिलासाच वाटत आलेला. कृत्रिम स्तन लावलेला नाही हे पाहून ती म्हणते की, असे येण्याने दवाखान्यातील इतरांच्या मनोधैर्यावर परिणाम होतो. इतर रुग्णांच्या भल्याचे नाव घेऊन एका रुग्णाला झाकून घ्यायला सांगितले जाते. येथे सोबतच शिस्तीचे साधन बनते. एका डोळ्यावर पट्टी बांधणारे इस्राएली सेनानी मोशे दायान यांना कोणी काचेचा डोळा बसवायला सांगत नाही, हे लॉर्ड यांचे उत्तर प्रसिद्ध आहे.

परंतु लॉर्ड यांचा खरा मुद्दा या प्रत्युत्तरापलीकडचा आहे. व्रण झाकले गेले, तर त्याच अनुभवातून गेलेल्या स्त्रिया एकमेकींना ओळखणार कशा? आणि ओळख पटली नाही, तर एकत्र येऊन काही मागणार कशा? कृत्रिम स्तनाला त्यांचा विरोध व्यक्तिगत निवडीपुरता नाही. झाकणे ही प्रत्येकीला एकटी पाडण्याची योजना आहे, असा तो युक्तिवाद आहे. दृश्यता ही सोबतीची पूर्वअट म्हणून येथे मांडली गेली आहे.

पुस्तकाची घडणही या युक्तिवादाला धरून आहे. दैनंदिनीतील नोंदी, त्यांवरचे नंतरचे चिंतन आणि डिसेंबर १९७७ मध्ये केलेले एक भाषण असे भिन्न प्रकारचे लेखन त्यात शेजारी-शेजारी येते. हे भाषण कर्करोगाच्या निदानापूर्वीचे आहे. तत्पूर्वी झालेल्या तपासणीत गाठ निरुपद्रवी निघाली होती. पण मधले तीन आठवडे मृत्यूच्या शक्यतेत गेले होते. त्या काळात ज्यांनी तग धरायला बळ दिले, त्या स्त्रियांचा उल्लेख लॉर्ड करतात : कृष्णवर्णीय व गौरवर्णीय, तरुण व वृद्ध. मौनाशी चाललेला झगडा या सर्वजणींना समान होता, असे त्या सांगतात. दैनंदिनीतला भयग्रस्त ‘मी’ आणि भाषणातला श्रोत्यांना उद्देशून बोलणारा ‘मी’ यांच्यातील अंतर हे पुस्तक मिटवत नाही. एकान्तातले लेखन सभेतल्या लेखनाशेजारी ठेवले जाते आणि वाचकाला त्या दोहोंमध्ये ये-जा करावी लागते.

४

या मांडणीला सर्वांत मोठा आक्षेप सुसान सोंटॅग यांच्या ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ (१९७८) या निबंधातून उपस्थित होऊ शकतो. १९७५ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, सोंटॅग यांना स्तनकर्करोगाचे निदान झाले होते. तरीही कर्करोगाच्या रूपकांविषयीच्या या निबंधात स्वतःच्या आजाराचा उल्लेख नाही, कोणी सोबतीण नाही. पुढे ‘एड्स अँड इट्स मेटाफर्स’ (१९८९) मध्ये त्यांनी याचे कारण दिले. रडले, झगडले, सांत्वन लाभले, धीर आला, अशी आणखी एक कथा सांगण्यापेक्षा एखादा विचार मांडणे इतर रुग्णांना अधिक उपयोगाचे ठरेल, असे त्यांना वाटले होते. भयंकर रूपके रुग्णाला लाजवतात, उपचारांपासून दूर नेतात. म्हणून ती फोडली पाहिजेत, ही त्यांची भूमिका होती.

या उत्तरात ‘मी’ नाकारला आहे. ‘इतर रुग्ण’ नाकारलेले नाहीत. निबंधाचे अवैयक्तिक रूप त्यांच्यासाठीच पत्करलेले आहे. रोझ कुशनर यांचे १९७५ मधील पुस्तक याच बाजूचे आहे. १९७४ मध्ये, ४५व्या वर्षी, निदान झाल्यावर या पत्रकार स्त्रीने वैद्यकीय माहिती धुंडाळली आणि ती इतर स्त्रियांपुढे ठेवली. गाठीची तपासणी आणि स्तनोच्छेद एकाच बधिरीकरणात उरकण्याची तेव्हाची रीत होती. शुद्धीवर येईपर्यंत स्तन राहिला की गेला, हे रुग्णाला ठाऊक नसे. या दोन पायऱ्या वेगळ्या कराव्यात आणि मध्ये स्त्रीला निर्णयासाठी अवधी मिळावा, यासाठी कुशनर झगडल्या. म्हणजे सोबत भावनेच्या भाषेतच व्यक्त होते असे नाही. ती तर्काच्या आणि माहितीच्या भाषेतही होते.

५

१९९२ पासून गुलाबी फीत या व्याधीचे चिन्ह म्हणून रूढ झाली. लॉर्ड यांच्या उशाशी आलेल्या लोकरीच्या तुकड्याचा रंग आता सार्वत्रिक झाला. बार्बरा एहरनराइक यांनी २००१ मधील आपल्या प्रसिद्ध लेखात या नव्या संस्कृतीची चिकित्सा केली. रोगाने माणूस अधिक चांगले होते, राग हा अपराध आहे, आनंदी राहणे हे रुग्णाचे कर्तव्य आहे, असे सांगणारा समूह रुग्णाला सोबत देतो. पण तिची किंमत म्हणून तिची संतापाची भाषा काढून घेतो. वाचलेल्यांचा गौरव करणाऱ्या शब्दांत मेलेल्यांना जागा उरत नाही, हेही त्यांनी दाखवले.

अ‍ॅन बॉयर यांचे ‘द अनडाइंग’ (२०१९) हा प्रश्न अर्थकारणापर्यंत नेते. २०१४ मध्ये, ४१व्या वर्षी निदान झालेल्या बॉयर या एकट्या पालक होत्या. त्यांची शुश्रूषा केली ती मैत्रिणींनी व मित्रांनी. अमेरिकेच्या १९९३ च्या रजाविषयक कायद्यानुसार आजारी पती-पत्नी, अपत्य वा आई-वडील यांच्यासाठी रजा मिळते. मैत्रिणीसाठी मिळत नाही. दोन्ही स्तन काढल्यावर दहा दिवसांनी बॉयर यांना वर्गावर जाऊन शिकवावे लागते, तेव्हा त्यांची पुस्तके उचलून नेतात ते मित्रच. कायद्याला हे नाते दिसत नाही, म्हणून त्याची नोंद करणे हे साहित्यकृतीचे काम होऊन बसते. सोंटॅग यांनी ‘मी’ आणि ‘कर्करोग’ एकत्र येऊ दिले नाहीत, हे बॉयर नोंदवतात. आणि लॉर्ड, बर्नी, सोंटॅग अशा पूर्वसूरींची नावे घेऊन आपला ‘मी’ त्यांच्या ओळीत नेऊन बसवतात. हयात मैत्रिणींबरोबर दिवंगत लेखिकाही येथे सोबतीला आहेत. एहरनराइक यांनी दाखवलेली मेलेल्यांची रिकामी जागा ही संहिता अशा रीतीने भरून काढते.

या सर्व संहितांतून सोबतीची एक कसोटी हाती लागते. जी सोबत निवेदिकेला तिचे प्रश्न विचारू देते, व्रण दिसू देते आणि मेलेल्यांची आठवण राखते, ती कथनाला जन्म देते. जी सोबत सांत्वनाच्या बदल्यात हे सारे झाकायला लावते, ती सद्‌भावनेने दिलेली असली तरी मौनच लादते. लॉर्ड यांना भेटलेली स्वयंसेविका आणि बर्नी यांच्याजवळ उभी राहिलेली परिचारिका यांच्यातील फरक चांगुलपणाचा नाही. एकीच्या येण्याने प्रश्न मिटतात, दुसरीच्या थांबण्याने आवाज येतो.

मराठीत आत्मचरित्राची चर्चा प्रांजळपणा आणि आत्मपरीक्षण या निकषांभोवती दीर्घकाळ फिरत राहिली. हे निकष ‘मी’ने स्वतःशी राखलेल्या इमानाचे आहेत. आजारपणाच्या कथनांना ते अपुरे पडतात, कारण ‘मी किती खरे बोलले?’ या प्रश्नाआधी ‘मला बोलता यावे म्हणून कोण थांबले होते?’ हा प्रश्न त्या कथनांनी स्वतःच उभा केलेला असतो. समीक्षेने तो ऐकला नाही आणि केवळ निवेदिकेच्या धैर्याची वाखाणणी केली, तर तीही नकळत त्या दवाखान्यातील परिचारिकेसारखीच वागेल : सद्‌भावनेने, मनोधैर्य राखण्याच्या हेतूने, एका स्त्रीला पुन्हा एकटी पाडील.