कर्जत व खालापूर येथील दप्तरें आणि ग्याझेटिअर: एक परीक्षण

कोंकण आणि देश यांच्या सांध्यावर, बोरघाटाच्या पायथ्याशीं, कर्जत व खालापूर हे दोन तालुके वसले आहेत. मुंबई-पुण्याच्या वाटेवरचे असल्यामुळें त्यांचीं नांवें सर्वांच्या कानांवरून गेलेलीं असतात. परंतु त्यांचा इतिहास म्हणून जें लिहिलें जातें तें बहुधा वाटसरूंच्या उपयोगाचें असतें. घाटाचा रस्ता कोणीं केला, आगगाडी केव्हां आली, माथेरान कोणीं शोधून काढलें, एवढ्यांत तें संपतें. गांवांत राहणाऱ्यांनीं काय पिकविलें, सारा किती भरला, कोणती वाडी कोठून उठून कोठें गेली, हें विचारलें तर लेखक साधनें नाहींत असें सांगून मोकळे होतात. हें म्हणणें खरें नाहीं. साधनें आहेत, पण जेथें शोधलीं जातात तेथें तीं नाहींत. याचा दोष कांहीं अंशीं, ज्या ग्रंथांस आपण वाटाडे मानतों त्यांजकडे व पुष्कळ अंशीं ते ग्रंथ वाचण्याच्या आपल्या पद्धतीकडे येतो, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) ग्याझेटिअर. मुंबई इलाख्याच्या ग्याझेटिअरमालेंत ठाणें जिल्ह्याचा तेरावा भाग दोन खंडांत, व त्याच जिल्ह्याच्या स्थलवर्णनाचा चौदावा भाग, हे १८८२ सालीं निघाले. कुलाबा व जंजिरा यांचा अकरावा भाग १८८३ सालीं निघाला. मालेचे संपादक जेम्स क्याम्बेल यांचे श्रम कोणीही कमी लेखूं नयेत. परंतु आजचा रायगड जिल्हा म्हणजे जुना कुलाबा, एवढें ध्यानांत धरून जो अभ्यासक अकरावा भाग उघडतो त्यास अलिबाग, पेण, रोहें, महाड हीं सांपडतात. कर्जत तेथें सांपडत नाहीं. कारण पनवेल १८८३ पर्यंत व कर्जत १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होतें, आणि खालापूर हा तेव्हां स्वतंत्र तालुका नसून कर्जताच्या पोटांतील पेटा होता. या दोन्ही तालुक्यांचें सर्व वर्णन ठाण्याच्या तीन पुस्तकांत विखुरलेलें आहे. ही गोष्ट ज्यास ठाऊक नाहीं तो "ग्याझेटिअरांत कांहीं नाहीं" असा निकाल देतो, आणि पुढचा लेखक तो निकाल उतरून घेतो.

क्याम्बेल यांस यांत दोष देतां येत नाहीं. त्यांनीं आपल्या काळचा जिल्हा लिहिला. १९६४ सालीं कुलाबा जिल्ह्याची सुधारलेली आवृत्ति निघाली. तींत कर्जत व खालापूर यांस योग्य स्थान मिळालें. तथापि कोणत्या सालचे कागद कोणत्या कचेरींत पाहावे हें वाचकास सांगणें हा या ग्रंथांच्या योजनेचा भागच नव्हता. ग्याझेटिअर हा राज्यकारभारासाठीं केलेला सारांश आहे. दप्तराची सूचि नव्हे. सारांशास सूचि समजणें ही चूक वाचकाची.

(२) कागद कचेरीबरोबर जातो. इतिहासजिज्ञासु गांवाच्या नांवानें कागद शोधूं पाहतो. पण कागद गांवाबरोबर राहत नाहीं, ज्या कचेरीनें तो लिहिला तिच्याबरोबर जातो. हा एक नियम ध्यानांत आला म्हणजे या दोन तालुक्यांच्या दप्तराची अर्धी अडचण दूर होते.

पेशवाईंत या मुलुखाचा मोठा भाग कल्याण प्रांतांत मोडत असे. तेव्हांचे हिशेब व हुकूम पुण्याच्या पेशवे दप्तरांत, कल्याण प्रांताच्या रुमालांत पाहावयाचे. १८१७ च्या पुण्याच्या तहानें उत्तर कोंकण इंग्रजांकडे गेलें. तेव्हांपासून १८९१ पर्यंतचा जिल्ह्याचा पत्रव्यवहार ठाण्याच्या कलेक्टरकचेरीचा, आणि त्यापुढचा अलिबागचा. जिल्ह्यास रायगड हें नांव १९८१ सालीं मिळालें, म्हणून त्यापूर्वींचें सर्व कुलाब्याच्या नांवाखालीं आहे. जो कागद जिल्ह्याकडून सरकारकडे गेला त्याची दुसरी बाजू मुंबईस, १८२१ सालीं स्थापन झालेल्या सरकारी अभिलेखागारांत शोधावी. तेथील दप्तराची ओळख करून देणारें किंडर्स्ले यांचें पुस्तक १९२१ सालीं निघालें. त्यावांचून तेथें पाऊल टाकणें म्हणजे अंधारांत चांचपडणें होय.

दोन उदाहरणांनीं हा नियम स्पष्ट होईल. माथेरान आज रायगड जिल्ह्यांत आहे. पण १८५० च्या मे महिन्यांत तें डोंगरमाथ्याचें ठिकाण निवडणारे ह्यू मॅलेट हे ठाण्याचे कलेक्टर होते. तेव्हां माथेरानच्या आरंभाचा पत्रव्यवहार अलिबागेस मागणें व्यर्थ. दुसरें उदाहरण भाई कोतवाल यांचें. ते माथेरानचे, म्हणजे तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील. पण २ जानेवारी १९४३ रोजीं ते व हिराजी पाटील हे सिद्धगडावर धारातीर्थीं पडले, आणि सिद्धगड ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्यांत आहे. ज्याला त्यांच्या चळवळीचा सरकारी कागद पाहावयाचा त्यास दोन जिल्ह्यांचें पोलीस दप्तर व मुंबईच्या गृहखात्याचें दप्तर अशीं तीन दारें ठोठावलीं पाहिजेत. एकाच दारीं जाऊन परतणारा अर्धाच इतिहास घेऊन येतो.

कधीं साधन याहूनही दूर असतें. खालापूर तालुक्यांतील उंबरखिंडीची २ फेब्रुवारी १६६१ ची लढाई, जींत शिवाजी महाराजांनीं कारतलबखानास कोंडलें, तिचें विस्तृत वर्णन परमानंदाच्या शिवभारतांत आहे; आणि त्या काव्याची पोथी तंजावरास सांपडून स. म. दिवेकर यांनीं तें १९२७ सालीं प्रसिद्ध केलें. खालापुरावरील एक मोठें साधन तंजावरांत निघावें, यावरून कागद कचेरीप्रमाणें दरबाराबरोबरही जातो हें दिसेल. खोपोलीचें देऊळ व तळें नाना फडणिसांनीं बांधविलें. त्याचा खर्च खोपोलीच्या नांवाखालीं न पाहतां नानांच्या कागदांत पाहिला पाहिजे, हें त्याच नियमावरून निघतें.

(३) नांवांचा घोटाळा. कर्जत नांवाचे तालुके महाराष्ट्रांत दोन आहेत: एक प्रस्तुतचा, दुसरा अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील. सूचींत केवळ "कर्जत" पाहून मागविलेला रुमाल देशावरचा निघणें अगदीं संभवनीय आहे. त्यांतून, इसवी सन १८५० नंतरच्या दशकांतील पहिल्या पैमाशीच्या इंग्रजी कागदांत हा तालुका कर्जत या नांवानें येत नाहीं. तेथें त्याचें नांव नसरापूर असें आहे. उल्हास नदीकांठचें तें गांव आजही कर्जत तालुक्यांत आहे. पण नसरापूर म्हटलें कीं पुणेकरांस भोर तालुक्यांतील नसरापूर आठवतें. खोपोलीचीही तीच गति. रेल्वेच्या आरंभींच्या कागदांत तिचें इंग्रजी रूप "कॅम्पूली" असें आहे. १८५६ सालीं घाटाखालीं आलेला लोहमार्ग या नांवाच्या ठाण्यापर्यंत उघडला गेला. ग्याझेटिअरांत "खोपिवली" असें रूप आढळतें. घाटाची चढण पुरी होऊन १८६३ सालीं गाडी वर गेली, तोंवर हेंच टोकाचें ठाणें होतें. तेव्हां त्या सात वर्षांचे कागद किती महत्त्वाचे असतील हें सांगणें नको. पण "खोपोली" शोधणाऱ्यास ते दिसत नाहींत. जुन्या-नव्या रूपांचा एक लहानसा कोश प्रत्येक सूचीस जोडलेला असावा, ही आमची पहिली सूचना आहे.

(४) निवडक म्हणजे संपूर्ण नव्हे. पेशवे दप्तरांतून गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस भाग संपादून दिले, त्यापूर्वीं ग. चि. वाड यांनीं रोजनिशींतील उतारे निवडले होते. या उपकारांची फेड होणें नाहीं. परंतु दोन्ही निवडी आहेत. निवडणाराची दृष्टि राज्याच्या घडामोडींकडे असतां पेट्यांतल्या एखाद्या गांवची जमाबंदी मागें राहावयाचीच. छापील भागांत कर्जत-खालापूरचें नांव क्वचित् येतें यावरून दप्तरांतही तें क्वचितच असेल, असें अनुमान पुष्कळांनीं केलें आहे. तें निराधार होय. छापील पान म्हणजे दप्तराचा एक झरोका आहे. झरोक्यांतून जें दिसत नाहीं तें घरांतच नाहीं असें कोण म्हणेल?

हाच दोष ग्याझेटिअर वाचतांना घडतो. ठाण्याच्या तेराव्या भागांतील जमीनमहसुलाचें प्रकरण घ्या. त्याच्या तळटीपांत पैमाशीच्या अहवालांचे व सरकारी पत्रांचे आंकडे व तारखा दिल्या आहेत. मजकूर हा सारांश. तळटीप ही वाट. आमच्या स्थानिक इतिहासकारांनीं मजकूर भाषांतरून घेतला व वाट तेथेंच टाकून दिली. त्यामुळें ग्याझेटिअरांतील चुकाही त्यांच्या पुस्तकांत जशाच्या तशा उतरल्या, आणि मूळ अहवालांतील गांववार माहिती न वाचलेलीच राहिली.

(५) गांवचें दप्तर व त्यावर अवलंबून असलेलीं माणसें. यापुढचा भाग केवळ इतिहासाचा नाहीं. तालुक्याच्या अभिलेखकक्षांत गांववार बस्ते असतात. त्यांत हक्कनोंदणीचे फेरफार, म्हणजे गांवनमुना सहा, सातबारा, आणि जन्ममृत्यूची नोंद, म्हणजे गांवनमुना चौदा, जीस लोक कोतवालबुक म्हणतात. भूमि-अभिलेखाच्या कचेरींत टिपण, गुणाकारबुक, शेतवार पत्रक, आकारफोड हीं पैमाशीचीं पत्रकें असतात. इतिहासकारानें यांकडे तुच्छतेनें पाहिलें. पण ज्याचा पोटाचा प्रश्न यांत अडकला आहे तो तसें पाहूं शकत नाहीं.

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यांत ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. ठाकूर जमातीस अनुसूचित जमात म्हणून मिळणारी मान्यता १९७६ पूर्वीं ठराविक तालुक्यांपुरतीच होती, व त्यांत कर्जत व खालापूर हे होते. त्या सालच्या कायद्यानें प्रदेशाचें बंधन काढलें. महाराष्ट्रांत अनुसूचित जमातीचा दाखला मागणाऱ्यास ६ सप्टेंबर १९५० रोजींच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याच्या आजोबानें शाळा पाहिली नाहीं आणि ज्याच्या नांवावर जमीन नव्हती, त्यास कोतवालबुकांतील एक ओळ हाच आधार. आणि ती बहुधा मोडींत असते. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींसाठीं महाराष्ट्रांतील कचेऱ्यांतून जुने मोडी कागद उलगडले गेले, तेव्हां मोडी वाचणाऱ्यांची उणीव सर्वांस कळून आली. ती उणीव वाडीवरच्या माणसास पूर्वींपासूनच कळत होती.

याहूनही लक्षांत घेण्यासारखी गोष्ट वनहक्कांची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००८ सालीं जे नियम झाले त्यांत दाव्याच्या पुराव्यांची यादी आहे, आणि तींत ग्याझेटिअर, जनगणना, पैमाशीचे अहवाल व नकाशे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. वृद्धांची लेखी साक्षही त्यांत ग्राह्य धरली आहे. म्हणजे आपण ज्यास वाचनालयांतील जुनें पुस्तक समजतों तें आज एखाद्या कातकऱ्याच्या दळीजमिनीचा साक्षीदार होऊं शकतें. आतां कल्पना करावी कीं दावेदार वा तपासणारा अधिकारी कुलाब्याचा अकरावा भाग उघडतो आणि तालुक्याचा उल्लेखच नाहीं असें लिहून मोकळा होतो! कातकरी व ठाकूर यांचें वर्णन ठाण्याच्या तेराव्या भागांत लोकवस्तीच्या प्रकरणांत आहे. तें बाहेरच्या माणसानें, पुष्कळ ठिकाणीं अनुदार दृष्टीनें लिहिलें आहे, व त्याची परीक्षा करूनच तें वापरलें पाहिजे. पण तें आहे. चुकीचा भाग उघडल्यामुळें कोणाची जमीन जावी, यापरती लाजिरवाणी गोष्ट इतिहासशास्त्रास दुसरी नाहीं.

(६) उपाय. कागद मागण्याचा हक्क आतां संशयास्पद राहिलेला नाहीं. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानें दप्तराची सूचि करणें हें प्रत्येक कचेरीचें कर्तव्य ठरविलें आहे, आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमानें कागदाच्या जतनाची जबाबदारी कचेरीवर टाकली आहे. परंतु दप्तराचे अ, ब, क, क-१ व ड असे वर्ग असतात; अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षांचा, क दहा, क-१ पांच व ड एका वर्षाचा. मुदत सरली कीं कागद नाशास पात्र होतो. वर्ग ठरवितांना इतिहासाचा विचार होतोच असें नाहीं. म्हणून जो मागावयाचा तो नेमका व वेळेवर मागितला पाहिजे. "जुने सर्व कागद" असा अर्ज करणारास नकार मिळाला तर नवल नाहीं. गांव, नमुना, साल आणि जुना सर्व्हे नंबर इतकें अर्जांत असावें. जेथें जमिनींचें एकत्रीकरण होऊन गट पडले तेथें गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर आधीं काढून घ्यावा. अलीकडे जुन्या कागदांच्या प्रतिमा यंत्रावर चढविण्याचें काम चाललें आहे तें स्तुत्य आहे; पण तेथेंही शोध गांव व नंबर यांवरूनच होतो. ज्याला नंबर ठाऊक नाहीं त्यास यंत्र कचेरीइतकेंच मुकें.

आमची मुख्य सूचना अशी. या दोन तालुक्यांच्या प्रत्येक गांवासाठीं एक पृष्ठाची दप्तरसूचि करावी. तींत गांवाचीं जुनीं-नवीं नांवें व इंग्रजी रूपें, १८१७ पूर्वीं, १८९१ पूर्वीं व नंतर तें कोणत्या कचेरीखालीं होतें, पैमाशीचें साल, गांवनमुन्यांचे उपलब्ध बस्ते व त्यांची लिपि, आणि छापील ग्रंथांतील उल्लेख, भाग व पृष्ठासह, इतकें असावें. यास मोठें द्रव्य लागत नाहीं. मोडी वाचणारा एक, तालुक्याच्या कचेरीशीं ओळख असलेला एक व वाड्यांवरच्या वृद्धांशीं बोलूं शकणारा एक, अशीं तीन माणसें मिळालीं तर काम सुरू होईल. पहिलें पृष्ठ नसरापूरचें असावें, कारण सर्वांत अधिक घोटाळा त्याच नांवाचा आहे. आणि दुसरें, खालापूर तालुक्यांतील एखाद्या कातकरी वाडीचें.