आमचे येथे घरगुती

हिंजवडीत शिवाजी चौकातून गावठाणाकडे वळलं की एका दुमजली घराच्या कठड्याला बांधलेला फ्लेक्स दिसतो. उन्हाने निळ्याचा राखाडी झालेला. कोपऱ्यात स्टीलचा डबा, खाली मोबाइल नंबर आणि मधोमध एकच वाक्य: ‘आमचे येथे घरगुती जेवणाचे डबे मिळतील.’ गेली काही वर्षं मी जाता-येता हे वाक्य वाचतो आहे. फ्लेक्स विटला, वाक्य अजून शिळं झालेलं नाही.

पहिल्याच शब्दाशी थांबावं लागतं. शाळेतल्या व्याकरणाप्रमाणे ‘आमच्या येथे’ हवं. पण ‘आमचे येथे’ हे जुन्या लेखी मराठीचं वळण आहे. ‘माझे मते’, ‘आमचे घरी’ असं आजोबांच्या पत्रांतून सहज यायचं. बोलण्यातून ते कधीच गेलं. टिकलं ते दोनच ठिकाणी. एक दुकानाच्या पाटीवर आणि दुसरं लग्नपत्रिकेत, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ या सुरुवातीत. डब्याची पाटी आणि लग्नाची पत्रिका एकाच शब्दांनी उघडतात, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. तेव्हापासून ती पाटी मला आमंत्रणासारखी ऐकू येते. पाट लागलेत, चला.

हाच ‘आम्ही’ पुण्याच्या पेठांतल्या प्रसिद्ध पाटीवरही असतो: ‘आमची कोठेही शाखा नाही.’ पण तिथे तो हाताची घडी घालून उभा आहे. वीसेक किलोमीटर पश्चिमेला, मुळशी तालुक्यात येईपर्यंत त्याने घडी सोडलेली असते. गिऱ्हाईक लांबून आलेलं आहे, भुकेलं आहे आणि मराठी त्याला येतेच असं नाही, हे त्याला ठाऊक आहे.

मग ‘घरगुती’. हा शब्द घरात कुणी वापरत नाही. आईच्या हातच्या वरणाला आपण घरगुती वरण म्हणत नाही, नुसतं वरण म्हणतो. घर सुटलं की हा शब्द सुचतो. इथल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तीन फेजमध्ये लातूर, गोंदिया, विजापूर, रांचीहून आलेली मुलं पीजीच्या खोल्यांत राहतात. ‘घरगुती’ म्हणजे नेमकं कुणाच्या घरचं, हा प्रश्न पाटी उघडाच ठेवते आणि तो उघडा आहे म्हणूनच ती चालते. प्रत्येक जण आपापलं घर त्यात घालून वाचतो.

शेवटचं क्रियापद सगळ्यांत देखणं. ‘मिळतात’ असं नाही, ‘मिळतील’. ‘मिळतात’ ही माहिती झाली. ‘मिळतील’ म्हणताना समोर कुणीतरी उभा आहे, त्याने विचारलं आहे आणि त्याला शब्द दिला जातो आहे. डबे अजून भरलेले नाहीत, कणीकही मळलेली नसेल. तुम्ही हो म्हणालात की मळू.

ही पाटी ज्यांची, त्या काकूंचं नाव मी इथे घेत नाही. त्यांना आवडायचं नाही. त्यांचं खरं लेखन पाटीवर नाहीच, ते व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर आहे. पूर्वी खानावळीच्या दारात फळा असायचा. रोज खडूने भाजी लिहायची, रात्री ओल्या फडक्याने पुसायची. स्टेटस चोवीस तासांत आपोआप पुसलं जातं, म्हणजे फडकंसुद्धा वाचलं. दुपारी बाराच्या सुमारास दोन ओळी येतात. एका मंगळवारी होत्या त्या अशा: ‘आज शेपू, तुरीचं वरण, भात, ३ चपात्या. शेपू चालत नाही त्यांना बटाटा. ४ च्या आत सांगा.’

मधलं वाक्य पाहा. जाहिरात लिहिणाऱ्याने शेपूची स्तुती केली असती, लोह आणि जीवनसत्त्वं मोजली असती. इथे शेपूविषयी जगाचं जे मत आहे ते निमूट मान्य केलं आहे आणि वाद न घालता बटाटा पुढे सरकवला आहे. ‘आवडत नाही’ असंही म्हटलेलं नाही, ‘चालत नाही’. त्यात नावड येते, पथ्य येतं, उपास येतो, नुसता हट्टही येतो आणि कुठल्याच कारणाची चौकशी होत नाही. ‘४ च्या आत’ यात धाक आहे, पण तो परात पुढे घेऊन बसलेल्या बाईचा. रात्री नऊला दुसरं स्टेटस: ‘डबे संपले.’ फोटो नाही, हात जोडलेलं चिन्ह नाही. मला विचाराल तर दिवसातली खरी जाहिरात हीच. उद्या चारच्या आधी सांगायला हवं, हे ती वाचणाऱ्याच्या पोटात सांगते.

डब्याच्या झाकणावर एक चिकटपट्टी असते: ‘नंबर सेव्ह करा.’ हे आर्जव वाटतं, पण त्यामागे यंत्राचा नियम आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला असेल त्यालाच निरोप पोचतो. स्टेटसही दोघांकडे एकमेकांचे नंबर असल्याशिवाय दिसत नाही. काकूंना हा नियम कुणी शिकवला नव्हता. कुणाला मेनू दिसतो, कुणाला दिसत नाही, एवढ्यावरून त्यांनी तो काढला.

आता माझा गुन्हा. काकूंच्या मुलाने गूगलवर धंद्याचं पान उघडलं, जे २०२१ पासून बिझनेस प्रोफाइल या नावाने ओळखलं जातं. तिथे वर्णनाला साडेसातशे अक्षरांची जागा असते. ‘तुम्ही लिहिता ना, दादा, द्या की भरून,’ म्हणाल्या. मी भरलं. ‘हिंजवडीच्या मध्यवर्ती ठिकाणी, आयटी व्यावसायिकांसाठी, पौष्टिक व रुचकर महाराष्ट्रीय भोजनाचा अविस्मरणीय अनुभव’ वगैरे. जागा पुरली नाही इतकी विशेषणं. काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि फोन परत दिला.

‘हे कुठल्या हाटेलाचं लिवलंय?’

मग त्यांनी सांगितलं आणि मी टिपून घेतलं: ‘घरीच करतो. सकाळचं रात्री देत नाही. रविवारी संध्याकाळी बंद.’ साडेसातशेतली जेमतेम साठ अक्षरं. माझ्या मजकुरात एकही वाक्य असं नव्हतं की जे शेजारच्या खानावळीला लावता आलं नसतं. काकूंच्या तिन्ही वाक्यांत काहीतरी पणाला लागलेलं आहे. सकाळची भाजी रात्री दिली तर दुसरं वाक्य खोटं पडतं. आणि ‘बंद’ हा शब्द जाहिरातीत कोण लिहितं? पण गूगलवर अर्धी भांडणं वेळेवरूनच होतात. पान ‘उघडे’ दाखवतं, माणूस मारुंजीहून गाडी काढून येतो, शटर खाली असतं आणि एक तारा पडतो.

मुलाला मात्र अजून एक सुधारणा हवी होती. नावापुढे ‘बेस्ट मेस निअर मी हिंजवडी’ जोडायचं. ही साथ सगळीकडे आहे, पण गूगलच्या नियमांत ती बसत नाही; दुकानाच्या पाटीवर जे नाव, तेच पानावर हवं. शिवाय जवळपासचे निकाल लावताना शोधाशी मेळ, अंतर आणि नावलौकिक या तीन गोष्टी पाहतो, असं गूगल स्वतःच सांगतं. अंतर कुणाच्या हातात नाही. मेळासाठी पानावर धंद्याचा प्रकार बरोबर निवडायचा. ‘रेस्टॉरंट’ असं भरून ठेवलं तर डब्याच्या शोधात ते कसं सापडेल? लौकिक चपात्यांवर.

गावाच्या नावाचीही एक गंमत आहे. गावकरी म्हणतात हिंजवडी, कंपन्यांतले पुष्कळ जण म्हणतात हिंजेवाडी, इंग्रजी अक्षरांत आणखी दोन-तीन तऱ्हा. शोधणारं यंत्र आता त्यांतलं बरंचसं सांभाळून घेतं. काकूंनी पानावर हिंजवडीच ठेवायला लावलं आणि पत्त्यात देऊळ घातलं. इकडे नव्या माणसाला पत्ता सांगताना विप्रो सर्कल म्हटल्याशिवाय भागत नाही. चौकाला आपलं नाव पडावं ही जाहिरात पैसे टाकून मिळत नाही. काकूंच्या गल्लीला डिलिव्हरीची पोरं काय म्हणतात ते मी विचारलं, तर कळलं, ‘शेपूवाल्या काकूंची’.

दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवी, अशी दुरुस्ती राज्याने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात केली. पडद्यावरच्या पानाला तो कायदा लागत नाही. तिथे मराठी राहते ती गिऱ्हाइकाच्या आणि मालकाच्या मर्जीने.

काकूंच्या या गद्याला मराठीत पूर्वज आहे, तोही मोठा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या समजुतीमुळे शेतकरी त्याला हात लावीनात. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. सुरुवातीला ते कारखान्याचं माहितीपत्रकच होतं. हळूहळू त्यात कथा आल्या, वाद आले आणि त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक उभं राहिलं. शंकररावांनी जे ओळखलं होतं ते साधं होतं. रोज नांगर घ्या म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, रोज बोलणाऱ्याचं मात्र ऐकतात. काकूंचं स्टेटसही शेपूपासून कुठे कुठे जातं. पावसात चौक तुंबला की ‘डबा अर्धा तास उशिरा, पोरगा पाण्यात आहे’ असं येतं. २०२० च्या मार्चनंतर कंपन्यांनी घरून काम सुरू केलं आणि पीजी ओस पडल्या. त्या महिन्यांत मेनूच नव्हता. तरी त्या यादीला अधूनमधून निरोप जायचा, ‘गावी नीट पोचला का सगळे?’ यात विकायचं काही नव्हतं. परत आलेल्यांनी पहिला फोन कुठे केला असेल ते सांगायला नको.

अभिप्रायांना दिलेली उत्तरं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बहुतेक ठिकाणी ‘आपल्या बहुमूल्य अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ हे एकच वाक्य शिक्क्यासारखं मारलेलं सापडतं, पाच ताऱ्यांखाली आणि एका ताऱ्याखालीही. काकूंच्या पानावर कुणीतरी दोन तारे देऊन आमटी खारट होती असं लिहिलं. मुलगा खुलासा तयार करू लागला. काकूंनी त्याला थांबवून उत्तर सांगितलं: ‘झाली होती खारट. सगळ्यांचीच. दुसऱ्या दिवशी गोड दिलं होतं, तुम्ही नव्हता.’ ‘सगळ्यांचीच’ या एका शब्दाने तक्रार करणारा एकटा राहत नाही, पंगतीत येतो. आणि ‘तुम्ही नव्हता’ यात उलटा आरोप किती हलक्या हाताने केला आहे! त्या माणसाने तारे वाढवले की नाही, मी पाहिलं नाही.

चैत्री पौर्णिमेला हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाची यात्रा असते, बगाड निघतं. आदल्या दिवशीचं स्टेटस: ‘उद्या यात्रा. डबे नाहीत. जेवायला घरी या, पुरणपोळी आहे. पैसे नको.’ खाली पत्ता नव्हता. गेल्या वर्षी मी गेलो, तर अंगणात चपलांचा ढीग होता आणि रांचीचा एक मुलगा पंगतीत तूप वाढत होता.