शंबूकाच्या कथेतले मेलेले मूल

शंबूकाची कथा आपण चळवळीतल्या माणसांनी इतक्या वेळा सांगितली आहे की आता तिच्यात नवे काही उरलेले नाही असे वाटावे. शूद्राने तप केले, रामाने त्याचे मस्तक उडवले. भाषणात एवढे सांगितले की काम भागते. परंतु वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात ही कथा तपश्चर्येपासून सुरू होत नाही. ती सुरू होते एका मेलेल्या मुलापासून. आपल्या सांगण्यातून ते मूल गळून गेले आहे, आणि ते गळाल्यामुळेच आपला नकार तोकडा पडतो असे माझे म्हणणे आहे.

कथेचा क्रम पाहावा. एक ब्राह्मण आपल्या मुलाचे प्रेत घेऊन राजद्वारी येतो. आपण कधी खोटे बोललो नाही, हिंसा केली नाही. मग मूल अकाली का मरावे? दोष राजाचाच असला पाहिजे, असा त्याचा आक्रोश आहे. राम सभा बोलावतो. आठ ऋषी येतात. नारद युगायुगांचा हिशेब मांडून निवाडा देतो की राज्यात कोठेतरी एक शूद्र तप करीत आहे आणि त्या अधर्माने हे मूल मेले. प्रेत तेलात राखून ठेवण्याची आज्ञा होते. राम पुष्पक विमानातून चारी दिशा धुंडाळतो. दक्षिणेकडे, शैवल पर्वतापाशी, एका सरोवराकाठी खाली डोके वर पाय करून तप करणारा माणूस त्याला सापडतो. राम त्याला तपाचा हेतू विचारतो आणि वर्ण विचारतो. शूद्र हे उत्तर येताच खड्ग चालते. देव पुष्पवृष्टी करतात आणि त्याच क्षणी तिकडे मूल उठून बसते.

ज्याने ही कथा रचली तो कच्चा कारागीर नव्हे. शंबूकाला त्याच्यावरचा आरोप सांगितला जात नाही. दूर कोठेतरी एक मूल मेले आहे, हेही त्याला ठाऊक नाही. त्याचे तप आणि ते मरण यांचा संबंध नारदाच्या शब्दापलीकडे कशानेही सिद्ध होत नाही. पुरावा येतो तो शिक्षेनंतर. मूल जिवंत झाले, म्हणजे आरोप खरा होता! निवाडा आधी, वध नंतर आणि पुरावा सर्वांत शेवटी, असे हे न्यायदान आहे. तरीही वाचकाला ते खटकत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे प्रेत घेऊन उभा असलेला बाप आहे. जो शंबूकाची बाजू घेईल त्याला मूल मेलेलेच राहावे असे वाटते, अशा कोंडीत कथा वाचकाला उभे करते.

ही कोंडी माझ्या कल्पनेतली नाही. वर्गात हा भाग मी शिकवला तेव्हा आमच्याच वस्तीतून आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पण ते पोर जित्तं झालं ना?" त्याला प्रतिगामी म्हणून गप्प बसवणे सोपे होते. पण कथेने आपली कामगिरी कोठे फत्ते केली आहे ते त्याने अचूक दाखवले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन'मध्ये या वधाचा अर्थ सांगितला. चातुर्वर्ण्य दंडशक्तीवाचून टिकत नाही, म्हणून रामराज्याला हा वध अटळ होता. राजाच्या बाजूने कथेचा उलगडा येथे पुरा होतो. मुलाच्या बाजूने तो आपण अजून केलेला नाही. आठव्या शतकातल्या भवभूतीला वध जड गेला. 'उत्तररामचरिता'त राम आपल्याच उजव्या हाताला घाव घालण्यास बजावतो आणि शंबूक दिव्यरूप घेऊन कृतज्ञतेने उभा राहतो. कवीने रामाला दुःख दिले, शंबूकाला सद्गती दिली. पण ब्राह्मणाच्या मुलासाठी शूद्र मारावा लागतो हे गणित जसेच्या तसे ठेवले. कन्नड नाटककार कुवेंपू यांनी १९४४च्या 'शूद्र तपस्वी'त मात्र गणितालाच हात घातला. तेथे अस्त्र तपस्व्यापुढे नमते आणि आरोप करणाऱ्याकडे वळते.

आता महाभारताच्या आदिपर्वातली अणीमांडव्याची कथा हिच्याशेजारी ठेवावी. चोरांनी मांडव्य ऋषीच्या आश्रमात माल लपवला, ऋषी मौनात होता, राजाने त्यालाही सुळावर चढवले. पुढे सुळाचे टोक अंगात वागवीत तो धर्माच्या दरबारात गेला आणि आपला गुन्हा विचारू लागला. धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत काड्या खुपसल्या होत्यास. ऋषी संतापला. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? त्याने मर्यादा घालून दिली की चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला पाप लागणार नाही. बालकाच्या बाजूने देवालाच जाब विचारणारे हे केवढे मोठे वाक्य! पण त्याच श्वासात धर्माला तो शाप देतो, तू शूद्र योनीत जन्म घेशील. धर्म विदुर होऊन दासीच्या पोटी येतो. या विदुराला राज्य मिळत नाही. उद्योगपर्वात धृतराष्ट्र गूढ ज्ञान विचारतो तेव्हा, आपण शूद्र योनीतले, म्हणून पुढचे सांगू शकत नाही असे म्हणून तो सनत्सुजाताला बोलावतो.

म्हणजे मूल निष्पाप असते हा सिद्धांत आणि शूद्र जन्म ही शिक्षा हा सिद्धांत एकाच तोंडून निघाले. दासीच्या घरात जे मूल जन्मले त्याला चौदा वर्षांची सवलत कोठून? त्याची शिक्षा तर पहिल्या श्वासापासून सुरू झाली. छांदोग्य उपनिषद हेच सरळ सांगते की ज्यांचे आचरण वाईट ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत जातात. या परंपरेत निष्पाप हा शब्द वयावरून ठरत नाही, घरावरून ठरतो. एका घरातले मूल मेले तर दोषी बाहेर शोधला जातो. दुसऱ्या घरातले मूल जन्मले तर दोषी पाळण्यातच सापडतो.

मेलेल्या मुलाची आणखी एक कथा पाली वाङ्मयात आहे. श्रावस्तीची किसा गोतमी मुलाचे प्रेत कडेवर घेऊन औषध मागत फिरते. बुद्ध तिला, जेथे कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगतात. ती दारोदार जाते, रित्या हाताने परत येते आणि मुलाला स्मशानात ठेवते. या कथेत मूल उठत नाही. पण त्याच्यासाठी कोणाचे मस्तकही उडत नाही. गोतमीचे, तिच्या मुलाचे किंवा शेजाऱ्याचे पाप काढले जात नाही. जातककथांतही पूर्वजन्मीची कर्मे पुष्कळ आहेत, हे आपण लपवू नये. म्हणूनच १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी पूर्वकर्माचा सिद्धांत मुद्दाम तपासून नाकारला. गरिबांच्या आणि हीनदीनांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने झटकावी, एवढेच त्याचे प्रयोजन त्यांना दिसले.

हा प्रश्न पोथीपुरता नाही. मूल दगावले की करणी कोणी केली ते शोधायचे आणि बोट गावकुसाबाहेर, बहुधा एखाद्या एकट्या बाईकडे दाखवायचे, हे नारदाचेच शास्त्र आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला.

म्हणून शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना सांगणे आहे की शंबूकाची कथा मुलापासून सांगावी. बापाचे दुःख खोटे आहे असे म्हणू नये. ते खरेच आहे. फक्त त्या सभेत कोण कोण आले ते मोजून दाखवावे. आठ ऋषी आले. मूल कशाने गेले हे पाहायला वैद्याला कोणीही बोलावले नाही.